जुनी गाडी आणि सहा प्रमाणे

रामटेकला 1997 पासून संस्कृत विद्यापीठ आहे. नागपूरहून तिकडे जायचे तर कामठी रोड धरावा लागतो आणि वाटेत ऑटोमोटिव्ह चौक लागतो. भूगोलाने इतकी सोय करून ठेवली असतानाही प्रमाणशास्त्र आणि सेकंडहँड गाडी यांची गाठ कुणा पंडिताने घालून दिल्याचे आमच्या पाहण्यात नाही. नैयायिकांनी ज्ञानाची चार साधने मानली, भाट्ट मीमांसकांनी सहा. ही साधने शतकानुशतके डोंगरावरचा धूर आणि जमिनीवरचा घडा यांच्यावरच खर्ची पडली. अडीच-तीन लाखांत मिळेल, घरच्या चौघांना मे महिन्यात वर्धा रोडवरून न शिजवता नेईल आणि महिनाअखेर दूधवाल्याचे बिल थकू देणार नाही, अशी गाडी ओळखायला ती कुणी वापरली नाहीत. प्रस्तुत प्रबंधाचा प्रपंच त्यासाठी.

रीतीप्रमाणे आधी लक्षण ठरवू. परवडणारी गाडी कोणती? पूर्वपक्ष म्हणतो, स्वस्तात मिळते ती. हे लक्षण अतिव्याप्त आहे, कारण ते शेवरोलेच्या बीटलाही लागू पडते आणि फोर्डच्या फिगोलाही. जनरल मोटर्सने भारतातली विक्री 2017 च्या अखेरीस थांबवली. फोर्डने 2021 मध्ये इथले उत्पादन बंद करत असल्याचे जाहीर केले. गाड्या वाईट नव्हत्या, फिगो तर चालवायला फार गोड. पण मायबाप देश सोडून गेले आणि भाव कोसळले. त्या भावाला भुलून घेतलेल्या गाडीचा मागचा दिवा फुटला की मालक दुकानामागून दुकान हिंडतो, मग दिल्लीच्या काश्मिरी गेटला फोन लावतो, मग आठवडाभर ट्रान्सपोर्टच्या पावतीकडे बघत बसतो. खरेदीत वाचलेले पैसे असे हप्त्याहप्त्याने परत जातात.

दुसरा पूर्वपक्ष अधिक बलवान आहे, कारण सगळे नागपूर त्याच्या बाजूने उभे आहे. गाडी दारात लागली की शेजारी रंग विचारत नाही, मॉडेल विचारत नाही. ‘ॲव्हरेज किती देते?’ एवढेच विचारतो. पुण्याच्या एआरएआयने मोजलेले आकडे दशांशाच्या दुसऱ्या स्थानापर्यंत छापलेले असतात. 2012 साली ऑल्टो 800 आली तेव्हा तिचा आकडा लिटरला 22.74 किलोमीटर होता. हा शेवटचा चार प्रयोगशाळेत सिद्ध झाला असेल, व्हरायटी चौकाच्या सिग्नलवर एसी लावून उभ्या असलेल्या गाडीत त्याला कुणी पाहिलेले नाही.

पण आकडा खरा मानला तरी हिशेब काय सांगतो? नागपूर म्हणजे मुंबई नव्हे. मानेवाड्याहून सदरला रोज जाऊन-येऊन आणि रविवारी एखादी कोराडी किंवा फुटाळा करूनही महिन्याला 600 किलोमीटर म्हणजे पुष्कळ झाले. एक गाडी लिटरला 16 देते, दुसरी 19. पेट्रोल 104 रुपये धरा. फरक पडतो महिन्याला सहा लिटरांचा, म्हणजे सव्वासहाशे रुपयांच्या आत. वर्षाचे सात-साडेसात हजार. एसीचा कॉम्प्रेसर एकदा बसला की अशी वर्ष-दोन वर्षांची कमाई एका दुपारी गॅरेजात ठेवून यावी लागते. जो महिन्याला 300 च किलोमीटर फिरतो त्याने तर ॲव्हरेज हा शब्द तोंडातून काढण्याचे कारण नाही. त्याचा खर्च विमा, बॅटरी आणि टायर यांत आहे. इथल्या उन्हात बॅटरी लवकर मरते आणि टायर न चालताही म्हातारा होतो.

याच हिशेबाने डिझेलचाही निकाल लागतो. पेट्रोलचे दर जून 2010 मध्ये सरकारी नियंत्रणातून सुटले, डिझेलचे ऑक्टोबर 2014 मध्ये. मधल्या काळात दोघांत लिटरमागे तीस रुपयांपर्यंत अंतर पडले होते आणि डिझेलवाला पंपावरून विजयी मुद्रेने बाहेर पडत असे. ते दिवस गेले. मारुतीने तर एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 च्या निमित्ताने डिझेल गाड्या विकणेच सोडले. आज महिन्याला 600 किलोमीटर चालणाऱ्याने जुनी डिझेल गाडी घेतली तर पंपावर हजार-बाराशे वाचतील, आणि इंजेक्टर किंवा टर्बोने मान टाकली त्या दिवशी सगळे वळते होतील. ज्याला आठवड्यातून दोनदा चंद्रपूर गाठायचे आहे त्याची गोष्ट वेगळी, त्याने हा परिच्छेद वाचला नाही असे समजावे.

सीएनजीबद्दल पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचा सल्ला ऐकू नये. तो त्यांच्या गावापुरता खरा आहे. मार्च 2022 मध्ये मुंबईत सीएनजी किलोला 66 रुपयांच्या घरात होता तेव्हा नागपुरात तो 120 रुपयांवर पोहोचला होता. कारण साधे होते. त्या वेळी इथे पाइपलाइनचा गॅस नव्हता. द्रवरूप गॅस टँकरने शेकडो किलोमीटरवरून यायचा आणि इथे त्याचा सीएनजी व्हायचा. भाव नंतर उतरले, पण धडा टिकला: आधी आपल्या घराजवळचा पंप, त्यावरची रांग आणि त्यावरचा भाव पाहावा, मग डिकीतली जागा सिलिंडरला देऊन टाकावी. ज्या शहराचे खासदार इथेनॉल, एलएनजी, हायड्रोजन सगळ्यांची वकिली करतात, त्या शहरातला मध्यमवर्गीय जुन्या पेट्रोल गाडीला चिकटून आहे, ही विसंगती आम्ही नोंदवून पुढे जातो.

आता सिद्धांत. जिचा सुटा भाग जवळच्या दुकानात तासाभरात मिळतो आणि जिचे इंजिन वाटेतला कुठलाही मिस्त्री न अडखळता खोलतो, ती परवडणारी गाडी. या लक्षणात गाडीपेक्षा गावच जास्त आहे, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आले असेल. मारुती 800 ची पहिली चावी 14 डिसेंबर 1983 ला ग्राहकाच्या हाती पडली आणि शेवटची गाडी जानेवारी 2014 मध्ये कारखान्यातून बाहेर आली. या तीस वर्षांत देशातल्या मिस्त्र्यांची एक अख्खी पिढी त्या तीन सिलिंडरच्या इंजिनावर हात काळे करून शिकली. ऑल्टो, वॅगन-आर, स्विफ्ट यांना आज जो भाव येतो तो त्यांच्या रूपाचा नाही, या शिक्षणाचा आहे. जाता जाता आणखी एक किफायत. विम्याचा थर्ड पार्टी हप्ता इंजिनाच्या आकारावर ठरतो: जून 2022 पासूनच्या दराने 1000 सीसीपर्यंत 2,094 रुपये, त्यापुढे 1500 पर्यंत 3,416. काही इंजिने 998 सीसीवरच का थांबतात याच्या कारणांत वाचकाने हेही एक धरावे.

लक्षण झाले, आता प्रमाणे. पहिले प्रत्यक्ष. याबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही, कारण विकणारा सगळी मेहनत याच प्रमाणावर घेतो. रबिंग-पॉलिश केलेले बोनेट, काळेभोर केलेले टायर, नवे सीट कव्हर. प्रत्यक्षाला भ्रम होतो हे दोरी आणि सापाच्या दृष्टांतापासून सर्वमान्य आहे. म्हणून चकाकते तिथे पाहू नये, जिथे कुणी पुसायला जात नाही तिथे पाहावे. दाराचे रबर ओढून आतल्या कडेवर कंपनीचे वेल्डिंगचे गोल ठिपके सारख्या अंतरावर आहेत का? छताचा रंग उडाला आहे का? उडाला असेल तर गाडी वर्षानुवर्षे नागपूरच्या उन्हात उभी होती, मग डॅशबोर्डची आणि वायरिंगची परिस्थिती निराळी सांगायला नको. आणि या प्रदेशापुरते एक खास चिन्ह: ड्रायव्हरच्या दाराच्या खालच्या भागावर, आतल्या फटीत, खर्ऱ्याचे तांबूस ओघळ. मालक कधीच खर्रा खात नव्हता असे सांगितले गेले, तर गाडी मालक चालवत नव्हता इतके निश्चित झाले.

दुसरे अनुमान. डोंगरावर धूर दिसला की आग आहे, येथवर शास्त्र येऊन थांबले होते. धुराचा रंग कोणता, हा प्रश्न त्या विद्वानांना पडला नाही. तो मिस्त्र्याला पडतो. निळसर धूर असेल तर इंजिन ऑइल पिते आहे, पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीले गेली. काळा असेल तर पेट्रोल पुरते जळत नाही. पांढरा आणि न थांबणारा असेल तर कूलंट आत शिरते आहे, हेड गॅस्केटचे काम निघणार. हिवाळ्यातल्या सकाळी क्षणभर दिसणारी पांढरी वाफ ही मात्र वाफच असते, तिला हेत्वाभास म्हणावे. इंजिन चालू ठेवून ऑइलचे झाकण काढावे. तिथून धापा टाकल्यासारखा धूर येत असेल तर पुढचे अनुमान करायला थांबू नये, दुसरी गाडी पाहावी.

इथे विद्वानांत एक जुना वाद आहे. प्रातःपक्ष म्हणतो, गाडी पहाटे पाहावी, इंजिन थंडगार असताना पहिल्या सेल्फला कसे उठते तेच खरे. माध्याह्नपक्ष म्हणतो, गाडी नवतप्यात दुपारी दोनला पाहावी, पारा 45 च्या पुढे असताना एसी किती मिनिटांत आतले वातावरण माणसाळवतो आणि ट्रॅफिकमध्ये टेम्परेचरचा काटा कुठे जातो तेच खरे. विकणारा या वादात सकाळी अकराचा मध्यममार्ग सुचवतो. इंजिन त्याने आधीच गरम करून ठेवलेले असते आणि ऊन अजून चढलेले नसते. दोन्ही पक्ष खरे आहेत. दोन खेपा घालाव्यात. बोनेटला हात लावून पाहावा, ते आधीच कोमट असेल तर पहाटेची खेप पुन्हा घालावी.

तिसरे उपमान, म्हणजे ‘आमच्या साळ्याच्या गाडीसारखीच आहे.’ हे प्रमाण आम्ही मानत नाही.

चौथे शब्द. आप्ताचे वाक्य ते प्रमाण, आणि आप्त म्हणजे जसे आहे तसे जाणून तसेच सांगणारा. या व्याख्येत कोण बसतो? विकणारा म्हणतो, “डॉक्टर साहेबाची गाडी आहे न भाऊ. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर. बाकी कुठीच नेली नाही.” मेडिकल, मेयो आणि धंतोली-रामदासपेठेतले सगळे दवाखाने धरले तरी इतक्या डॉक्टरांनी इतक्या गाड्या विकायला काढल्या असतील हे मानायला कठीण जाते. शिवाय धंतोलीत रोज गाडी लावणाऱ्याच्या बंपरला चारी कोपऱ्यांवर ओरखडे असतात. ज्या गाडीला एकही ओरखडा नाही ती एकतर डॉक्टरची नाही किंवा कालच पेंटरकडून आली आहे. ‘सिंगल ओनर’, ‘शोरूम मेन्टेन्ड’, ‘नॉन-ॲक्सिडेंटल’ ही वाक्येही अशीच अर्थवाद समजावीत. अर्थवाद म्हणजे स्तुती. ऐकायला हरकत नाही, त्यावर टोकन देऊ नये.

आप्त एकच, तो मिस्त्री. तोही विकणाऱ्याच्या ओळखीचा नसलेला, आपण नेलेला, आणि ज्याची फी सौदा होवो न होवो ठरलेली आहे असा. सौदा झाला तरच पैसे मिळणार असतील तर त्याचे आप्तत्व तिथेच संपते. खरा मिस्त्री फार बोलत नाही. तो गाडीखाली वाकतो, डिपस्टिक बोटावर पुसतो, रिकाम्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरला क्लच सोडून बघतो आणि विकणाऱ्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणतो, “काहून घेऊन राहिले भाऊ? इंजिन खुललं आहे न याचं.” या वाक्यावर भाष्य करण्याची आमची योग्यता नाही.

पाचवे अर्थापत्ती, या शास्त्रातले सर्वांत देखणे प्रमाण. मीमांसकांचा देवदत्त लठ्ठ आहे, पण दिवसा जेवत नाही. तेव्हा तो रात्री जेवत असला पाहिजे. आता 2014 सालची गाडी घ्या. मीटर म्हणतो 31,000 किलोमीटर. पण ब्रेकच्या पेडलचे रबर गुळगुळीत झाले आहे, गिअरच्या मुठीवरचे आकडे पुसले आहेत, स्टिअरिंग जिथे हात पडतात तिथे चकाकते आणि ड्रायव्हरच्या सीटची उजवी कड खचली आहे. ही गाडी रात्री जेवलेली आहे. मीटर मागे घेतला आहे. पूर्वी याला स्क्रू-ड्रायव्हर आणि सबुरी लागे, आता लॅपटॉप पुरतो. टायरचीही साक्ष काढावी: त्याच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. 1423 म्हणजे 2023 सालचा चौदावा आठवडा. 31,000 वर चारही टायर बदलायची वेळ का आली?

इथे प्रतिपक्षाची शंका रास्त आहे. टायर वयानेही जातो हे वर आम्हीच मान्य केले. ज्या गोष्टीची उपपत्ती दुसऱ्या मार्गाने लागते तिथे अर्थापत्ती लंगडी पडते. म्हणून नुसत्या टायरवरून आरोप ठेवू नये. टायर आणि पेडल एकत्र बोलू लागले की मात्र खटला पुरा झाला. तरी शंका उरलीच तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली नोंद मागावी. तिथे प्रत्येक खेपेचे किलोमीटर लिहिलेले असतात आणि ते कधी मागे जात नाहीत.

सहावे अनुपलब्धी, म्हणजे नसण्याचे ज्ञान. जमिनीवर घडा नाही हे कळते ते घडा न दिसण्याने. जुन्या गाडीत नसलेल्या वस्तू फार बोलतात. दुसरी चावी नाही. सर्व्हिस बुक नाही. मागच्या वर्षाचा विमा नाही. बँकेचा बोजा उतरल्याचा फॉर्म 35 नाही. प्रत्येक ‘नाही’मागे विकणाऱ्याकडे एक गोष्ट तयार असते, आणि गोष्टी जितक्या सरस तितकी गाडी नीरस.

या प्रमाणाचा सर्वांत गंभीर उपयोग पुराच्या गाडीसाठी आहे. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट या भागांत दारात उभ्या असलेल्या गाड्या पाण्यात गेल्या. त्यांतल्या बऱ्याच भंगारात गेल्या असतील. सगळ्याच गेल्या असे मानणारा मनुष्य भला असेल, पण त्याने गाडी घेऊ नये. पाण्यात बुडालेली गाडी धुऊन, वाळवून, अत्तर मारून उभी करता येते. तिच्या वायरिंगला आणि सेन्सरना मात्र पुढची दोन-तीन वर्षे तो पूर आठवत राहतो. तेव्हा सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढावा. विकणारे टोक पुसतात, मूळ पुसत नाहीत, आणि चिखलाची रेघ मुळाशी असते. सीटखालच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का, स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक गाळ आहे का, हेडलाइटच्या आत दव साचते का, हे पाहावे. एअर फ्रेशनर एकाहून जास्त असतील तर नाक दुसऱ्या गाडीकडे वळवावे.

परगावच्या गाडीविषयी थोडे. दिल्लीत डिझेल गाडीला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा घातली गेली तेव्हापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. डीएल पाटीची गाडी पाहून जीव हुरळतो. पण फॉर्म 28 ची एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवे रजिस्ट्रेशन यांचा खर्च आणि आरटीओच्या खेपा भावात मिळवल्या की एमएच-31, 40 किंवा 49 ची घरची गाडीच बरी वाटू लागते. गाडी चौदा वर्षांची असेल तर स्वस्ताईचे कारण आणखी सोपे आहे. पंधराव्या वर्षी पुन्हा पासिंग लागते, त्याची फी 1 एप्रिल 2022 पासून 600 वरून 5,000 रुपये झाली, वर महाराष्ट्राचा पर्यावरण कर. विकणाऱ्याने तो वाढदिवस तुमच्या घरी साजरा करायचा बेत केलेला असतो.

तेव्हा निर्णय असा: नागपुरात राहणाऱ्या, महिन्याला पाच-सातशे किलोमीटर फिरणाऱ्या गृहस्थाने सहा ते आठ वर्षांची, साध्या गिअरची, पेट्रोलची, रस्त्यावर सर्वांत जास्त दिसणारी छोटी गाडी घ्यावी. रंग पांढरा असला तर उन्हात बरा. ती पाहून कुणी मान वळवणार नाही.

गाडी ठरली की एवढे करा. पूर्ण पैसे देण्याआधी फॉर्म 29 आणि 30 वर विकणाऱ्याच्या सह्या घ्या, गाडीवरची थकलेली ई-चलने तपासा आणि ती त्यालाच भरायला लावा. त्याचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, तो भावात धरू नका. आरटीओत नाव चढवायला कायद्याने तीस दिवस आहेत, पण विमा आपल्या नावावर करून घेण्याचा अर्ज चौदा दिवसांत जावा लागतो. म्हणून विमा कंपनीचे काम आधी उरका.